एक सेमिस्टर परदेशात: ठाणे-नवी मुंबईच्या पोरांनी एक्सचेंजची तयारी कुठून सुरू करायची

ज्युनियर पोरं एक्सचेंजबद्दल विचारायला आली की पहिला प्रश्न ठरलेला, ताई व्हिसा मिळायला किती दिवस लागतात. मी उलट विचारते, कॉलेज तिकडचे क्रेडिट धरणार आहे का आणि तसं लिहून दिलंय का. व्हिसा, तिकीट, रूम हे सगळं होऊन जातं हो, त्याला ठरलेले फॉर्म आहेत, ठरलेली फी आहे, घोडं अडतं ते आपल्याच कॉलेजच्या एक्झाम सेक्शनमध्ये. त्यामुळे तिकडच्यापेक्षा इकडच्या कागदांबद्दल इथे जास्त लिहिलंय, कंटाळा आला तरी वाचा.

आधी एक्सचेंज खरंच आहे का ते बघा

एक्सचेंज म्हणजे तुमच्या कॉलेजचा किंवा युनिव्हर्सिटीचा तिकडच्या युनिव्हर्सिटीशी करार असतो, तुम्ही फी इथेच भरता, तिकडची ट्यूशन फी माफ होते, एक किंवा दोन सेमिस्टर शिकता आणि परत येऊन डिग्री इथलीच घेता. करार नसताना स्वतःच्या जोरावर गेलात तर ते सेमिस्टर अब्रॉड, तिकडे अशा पोरांना फ्री मूव्हर म्हणतात, आणि मग बऱ्याच देशांत पूर्ण फी तुमच्या खिशातून जाते. दोन्हीत लाखांचा फरक पडू शकतो म्हणून शब्द नीट वापरा.

आता वाशी सेक्टर १७ मध्ये किंवा नौपाड्यात पाटी लावून बसलेल्या कन्सल्टंटकडे जाऊन 'एक्सचेंज करून द्या' म्हणण्यात काही अर्थ नाही, कारण एक्सचेंजसाठी नाव पाठवायचं काम फक्त तुमचं कॉलेज करू शकतं. त्याला नॉमिनेशन म्हणतात. कॉलेजने नाव पाठवल्याशिवाय तिकडची युनिव्हर्सिटी अर्जाची लिंकसुद्धा देत नाही. कन्सल्टंटचा धंदा फुल डिग्रीच्या अॅडमिशनवर चालतो, त्यामुळे तुम्ही एक्सचेंज विचारायला जाता आणि मास्टर्सचं ब्रोशर घेऊन बाहेर येता.

तर पहिली फेरी कॉलेजच्या इंटरनॅशनल सेलची. काही कॉलेजांत तसा वेगळा सेल नसतो, एखाद्या सरांकडे किंवा मॅडमकडे ते काम जोडून दिलेलं असतं, ऑफिसात विचारलं की कळतं. वेबसाइटवर पंधरा देशांचे झेंडे असतील तर भाळू नका, तीन गोष्टी विचारा. करार अजून चालू आहे का की मुदत संपली? करारात विद्यार्थी पाठवणं आहे का, की फक्त प्राध्यापक आणि रिसर्च? आणि ट्यूशन फी माफ असं स्पष्ट लिहिलंय का? चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा, या करारावर शेवटचं कोण गेलं होतं. त्या सीनियरचा नंबर मिळाला तर तुमचं निम्मं काम झालं, आणि कोणीच गेलं नसेल तर वाट तुम्हालाच पाडायची आहे, अशक्य नाही पण जास्तीचे दोन-तीन महिने हाताशी ठेवा.

युरोपातल्या युनिव्हर्सिटीबरोबर करार असेल तर इरॅस्मस प्लसचे (युरोपियन युनियनच्या शैक्षणिक देवाणघेवाण योजनेचे) पैसे आहेत का तेही विचारून घ्या. त्यातल्या इंटरनॅशनल क्रेडिट मोबिलिटी नावाच्या भागात भारतातून जाणाऱ्यांना देशाप्रमाणे महिना ८०० ते ९०० युरो मिळतात, वर अंतरानुसार प्रवासखर्च. सीट मोजक्या असतात आणि प्रत्येक कराराला हे पैसे नसतात.

करारच नसेल तर? उन्हाळ्याच्या सुट्टीतले तीन ते सहा आठवड्यांचे समर स्कूल बघा, फी भरावी लागते पण सेमिस्टर वाचतं. माझ्या मते दुसऱ्या वर्षाच्या पोरांसाठी हा पर्याय उगाच कमी लेखला जातो.

कॅलेंडर जुळवा, देश नंतर निवडा

सगळे आधी देश ठरवतात आणि मग तारखांवर आपटतात. आपल्याकडे ऑड सेमिस्टर जून-जुलैला सुरू होऊन परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, इव्हन सेमिस्टर डिसेंबर-जानेवारी ते एप्रिल-मे. जर्मनीत विंटर सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, लेक्चर ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, त्यानंतर परीक्षा. म्हणजे जाताना इथली ऑडची परीक्षा बुडते आणि येता येता इव्हनचे दोनेक महिने संपलेले असतात, एका सेमिस्टरसाठी दोन सेमिस्टर हलतात. तिथल्या अप्लाइड सायन्सेसवाल्या युनिव्हर्सिटीत हेच सेमिस्टर सप्टेंबरपासून धरतात, थोडं बरं पडतं पण प्रश्न तोच.

याउलट ऑस्ट्रेलियाचं दुसरं सेमिस्टर जुलैच्या शेवटी सुरू होऊन नोव्हेंबरात संपतं, आपल्या ऑड सेमिस्टरवर जवळपास फिट. अमेरिकेचं फॉल ऑगस्टच्या शेवटापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, तेही चालतं. स्वीडनचं ऑटम ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं पण जानेवारीच्या मध्यापर्यंत ताणतं. जपानला एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर, कोरियाला मार्च किंवा सप्टेंबर. जर्मनीला जाऊ नका असं मी म्हणत नाहीये, मी स्वतः तिथेच होते, पण दोन सेमिस्टरचा हिशोब आधी कॉलेजशी करा.

कोणत्या वर्षी जायचं? इंजिनीअरिंगला पाचवं सेमिस्टर मला सगळ्यात सोयीचं वाटतं. सातव्यात प्लेसमेंट चालू होतात आणि तिकडून रात्री अडीचला अॅप्टिट्यूड टेस्ट देण्यात मजा नाही. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांकडे पाचव्यासाठी अर्ज करताना दाखवायला एक-दोन सेमिस्टरचेच मार्क असतात, तेव्हा दुसऱ्या वर्षात केटी लागू देऊ नका, कारण नॉमिनेशन करताना बहुतेक कॉलेजं बॅकलॉग नसलेलेच घेतात.

तयारी जायच्या वर्षभर आधी सुरू करा. ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या सेमिस्टरची नॉमिनेशन साधारण मार्च ते मे मध्ये जातात आणि कॉलेजची आतली निवड त्याही आधी होते. गणपतीत विचार सुरू केला तर पुढच्या गणपतीला तिकडे असाल.

क्रेडिटचं लेखी घ्या, इथे घाई नको

युरोपात क्रेडिट मोजायची पद्धत ईसीटीएस. पूर्ण वर्षाचे ६०, सेमिस्टरचे ३०, आणि एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम, त्यात लेक्चर, घरचा अभ्यास, असाइनमेंट सगळं आलं. आपल्याकडे थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास आणि सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिट. त्यामुळे तिकडचा ६ क्रेडिटचा कोर्स इथे ६ धरा असं होत नाही, कॉलेजला रूपांतराचा तक्ता करावा लागतो. तक्ता नसेल तर तुम्ही कच्चा करून एचओडींसमोर ठेवा. त्यांना कोऱ्या कागदावर विचार करायला सांगितलं की तो कागद सेमिस्टरभर ड्रॉवरमध्ये राहतो.

कामाची पद्धत अशी. डाव्या बाजूला आपल्या त्या सेमिस्टरचे सगळे पेपर, क्रेडिटसकट. उजव्या बाजूला तिकडच्या मॉड्यूल हँडबुकमधून जुळणारे कोर्स. प्रत्येक जोडीसाठी दोन्ही सिलॅबसचं पान जोडा आणि सारखे टॉपिक पिवळ्या हायलायटरने रंगवा, सरांना वाचायला वेळ नसतो पण पिवळं लगेच दिसतं. जे जुळतच नाही, म्हणजे प्रॅक्टिकल, टर्मवर्क, मिनी प्रोजेक्ट, त्याची वेगळी यादी, आणि ते परत आल्यावर करणार की तिकडच्या प्रोजेक्टने भागवणार हे आत्ताच ठरवून घ्या. मिनी प्रोजेक्टच्या ग्रुपलाही आधी सांगा, नाहीतर चार जणांचा ग्रुप तीन जणांचा होतो आणि शिव्या तुम्ही खाता. शिवाय दोन कोर्स जास्तीचे निवडून ठेवा, कारण तिकडे गेल्यावर एखादा कोर्स रद्द होतो, एखाद्याची वेळ दुसऱ्यावर येते, आणि एखादा इंग्रजीत लिहिलेला असून शिकवतात मात्र त्यांच्या भाषेत.

यातून जो कागद तयार होतो तो लर्निंग अॅग्रीमेंट, त्यावर तुमची, इथल्या कॉलेजची आणि तिकडच्या युनिव्हर्सिटीची अशा तीन सह्या असतात. तिकडे जाऊन कोर्स बदलला तर बदलाच्या कागदावरही तिन्ही सह्या परत घ्यायच्या, ईमेलवर चालतं, पण घ्यायच्याच.

आता खरी मेख. एचओडींची सही म्हणजे परीक्षा विभागाची सही नव्हे. कॉलेज ऑटोनॉमस असेल तर ते आपल्या पातळीवर मंजुरी देऊ शकतं, पण साध्या संलग्न कॉलेजात पेपर आणि मार्कशीट युनिव्हर्सिटीची, त्यामुळे मंजुरी युनिव्हर्सिटीपर्यंत न्यावी लागते आणि कलिनाच्या (मुंबई युनिव्हर्सिटीच्या) फेऱ्या होतात. प्रिन्सिपलच्या सहीचं एक पत्र घ्या ज्यात या गोष्टी असतील: कोणत्या पेपरच्या बदल्यात कोणता कोर्स, ग्रेड कसे बदलणार, ७५ टक्के हजेरीचं काय, त्या सेमिस्टरचा परीक्षा फॉर्म भरायचा की नाही, आणि तिकडे एखाद्या विषयात नापास झालात तर इथे तो पेपर कधी देता येईल. तोंडी 'हो हो करून टाकू' यावर जाऊ नका. सर चांगलेच असतात, पण तुम्ही परत येईपर्यंत त्यांच्याकडचा चार्ज दुसऱ्याकडे गेलेला असतो.

ग्रेडचं उदाहरण देते. जर्मनीत १.० म्हणजे सर्वात उत्तम, ४.० ला काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. आपल्या दहाच्या पॉइंटरला सवयलेल्या माणसाने १.३ बघितलं तर त्याला वाटणार पोरगी गटांगळ्या खातेय. फ्रान्समध्ये वीसपैकी मार्क, दहाला पास, आणि सोळाच्या वर गेलात तर तुम्ही वर्गातले हुशार. म्हणून रूपांतराचं सूत्र पत्रातच हवं, रिझल्ट आल्यावर काउंटरवर उभं राहून समजावत बसणं नको.

नाव आणि पासपोर्ट

आपल्या बोर्डाच्या आणि युनिव्हर्सिटीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं. तिकडच्या ऑफिसातल्या बाईंना वाटतं शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, आणि आईचं नाव सुनीता असेल तर तुमचं अॅडमिशन लेटर 'मिस सुनीता' या नावाने येतं. अर्जात नाव अक्षरशः पासपोर्टवर आहे तसंच टाका आणि कॉलेजकडून एक ओळीचं पत्र घ्या की मार्कशीटवरची आणि पासपोर्टवरची व्यक्ती एकच. लेटर आलं की सगळ्यात आधी नाव आणि जन्मतारीख तपासा, व्हिसाच्या काउंटरवर कळलं तर परत अपॉइंटमेंट.

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा, नॉमिनेशनच्या फॉर्ममध्येच नंबर मागतात. ठाण्याचं पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटला आहे, नवी मुंबईकरांनाही ते चालतं. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळला वर २०००. घर गावाला आणि तुम्ही खारघर-ऐरोलीत भाड्याने राहत असाल तर पत्ता विचार करून टाका, पोलीस व्हेरिफिकेशन जिथला पत्ता दिलाय तिथे होतं आणि रजिस्टर्ड भाडेकरार नसेल तर अडतं.

अर्ज

हा भाग सोपा आहे. ट्रान्सक्रिप्ट, स्टेटमेंट ऑफ पर्पज, एक-दोन शिफारसपत्रं, इंग्रजीचा पुरावा. आयईएल्टीएससाठी धावण्याआधी तिकडच्यांना ईमेल करून विचारा, बऱ्याच युनिव्हर्सिटी एक्सचेंजवाल्यांकडून 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी' असं कॉलेजचं पत्र चालवून घेतात आणि तुमचे हजारो रुपये वाचतात. स्टेटमेंटमध्ये लहानपणापासूनचं स्वप्न वगैरे नको, कोणते कोर्स, कोणती लॅब आणि आपल्याकडे ते का मिळत नाही एवढं लिहा.

पैसे

ट्यूशन माफ म्हणजे फुकट नव्हे. जर्मनीचा आकडा सांगते कारण तो सरकारनेच ठरवून दिलाय, सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी महिना ९९२ युरो, वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. सहा महिन्यांचे ५,९५२ होतात. युरो शंभर रुपयांच्या वरच धरा, म्हणजे सहा लाख तयार पाहिजेत. हे पैसे तुमचेच असतात, दर महिन्याला थोडे थोडे सुटतात, फक्त आधी एकरकमी लागतात. त्याशिवाय तिकीट, व्हिसाचे ७५ युरो, सेमिस्टर कॉन्ट्रिब्युशन (त्यात बऱ्याचदा बस-ट्रेनचा पास येतो) आणि रूमचं डिपॉझिट. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याचा तिथला सरकारी हेल्थ इन्शुरन्स महिना दीडशे युरोच्या आसपास. आणि रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिना १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी, पण ती एका घराला एकच लागते, तेव्हा फ्लॅट शेअर करत असाल तर वाटून घ्या.

इथून पैसे पाठवताना एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस (बँक पैसे पाठवतानाच घेते तो कर) कापला जात नाही, एक्सचेंजचा खर्च बहुतेक त्यातच बसतो. बँकेत फॉर्म ए-टू भरताना कारण शिक्षण असंच टाका. बाबांच्या खात्यात व्हिसाच्या आदल्या आठवड्यात अचानक काकांकडून चार लाख आले तर ऑफिसर विचारणारच, पैसे आधीपासून पडून असू देत.

स्कॉलरशिपबद्दल एक, आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पूर्ण पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, एका सेमिस्टरला तिचा उपयोग नाही, त्यात वेळ घालवू नका. आणि तिकडे पार्टटाइम करून खर्च भागवू हा हिशोब कागदावर ठेवू नका. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायला परवानगी आहे हे खरं, पण पहिले दोन महिने पत्ता, बँक आणि भाषा यातच जातात.

व्हिसा

देशागणिक कागद वेगळा, पण मूळ कागद तिकडची युनिव्हर्सिटी पाठवते आणि तो आल्याशिवाय तुम्ही काही करू शकत नाही. अमेरिकेला एक्सचेंजसाठी जे-वन व्हिसा, त्याला युनिव्हर्सिटीकडून डीएस-२०१९ फॉर्म येतो, २२० डॉलर सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) भरायची, मग बीकेसीच्या कॉन्सुलेटला इंटरव्ह्यू. फोन-लॅपटॉप आत नेऊ देत नाहीत, बॅग सांभाळायला घरचं कुणीतरी बरोबर न्या. जपानला युनिव्हर्सिटी तुमच्यासाठी सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी काढते, त्याला एक ते तीन महिने लागतात. फ्रान्सला आधी कॅम्पस फ्रान्स या तिथल्या सरकारी संस्थेची एतुद आँ फ्रान्स नावाची ऑनलाइन प्रोसिजर आणि मग व्हिसा. कोरियाचा एक्सचेंजचा प्रकार डी-२-६. एफ-वन (अमेरिकेचा नेहमीचा विद्यार्थी व्हिसा) आणि जे-वनची गल्लत करू नका, कोचिंगवाले सर्रास सगळ्यांना एफ-वन सांगतात.

बॅग भरताना

आईला आधीच सांगा की युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या, मटणाचं लोणचं घरीच. (सुक्या बोंबलाला, म्हणजे सुक्या मासळीला बंदी नाही, पण होस्टेलच्या कॉमन किचनमध्ये भाजून बघा, दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी येते.) भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, डाळी बिनधास्त. ऑस्ट्रेलियाला मात्र खाण्याची प्रत्येक वस्तू कार्डावर लिहून दाखवा, लपवलं तर दंड जबर असतो.

कुकर न्यायचा तर इंडक्शनवर चालणारा, स्टीलचा, छोटा. घरातला अॅल्युमिनियमचा तिकडच्या इंडक्शनवर गरमच होत नाही. औषधं प्रिस्क्रिप्शनसकट आणि जेनेरिक नावासकट, जपानला प्रिस्क्रिप्शनची औषधं साधारण महिन्याचीच नेता येतात. चष्म्याची एक जास्तीची जोडी इथेच करून घ्या, दातांचं कामही इथेच. पॉवरबँक केबिन बॅगेत.

इथलं सिम चालू ठेवा आणि निघायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग सुरू करा, बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येणार. सहीचं एक अधिकारपत्र घरी ठेवून जा म्हणजे कॉलेजात काही कागद भरायचा झाला तर भाऊ-बहीण भरू शकेल.

तिकीट काढताना विमानतळाचा कोड बघा, सहार म्हणजे बीओएम आणि उलव्याचं नवी मुंबई विमानतळ म्हणजे एनएमआय. ते २५ डिसेंबर २०२५ पासून चालू झालंय आणि दोन्ही 'मुंबई' म्हणूनच दिसतात, कनेक्टिंग फ्लाइट असेल तर एका ठिकाणी उतरून दुसरीकडून उडायचं असं होऊ शकतं. घोडबंदरवाल्यांनी गायमुखचं ट्रॅफिक धरूनच निघावं, त्याबद्दल मी काय सांगणार.

पोचल्यावर आणि परत येताना

पहिल्या दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करा. जर्मनीत रूममध्ये राहायला गेल्यापासून दोन आठवडे, जपानला वॉर्ड ऑफिसात १४ दिवस, कोरियात ९० दिवसांत परदेशी रहिवाशाचं कार्ड, फ्रान्सला तीन महिन्यांत व्हिसा ऑनलाइन व्हॅलिडेट. जर्मनीत नोंदणीसाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तेव्हा 'रूम आहे पण नोंदणी करता येणार नाही' असं कुणी म्हणालं तर ती रूम घेऊ नका. आणि रूम न बघता कुणालाही आगाऊ पैसे पाठवू नका, शक्यतो युनिव्हर्सिटीच्या होस्टेललाच अर्ज करा, लिंक आली त्याच दिवशी.

निघायच्या महिनाभर आधी ट्रान्सक्रिप्टची चौकशी करा. काही प्रोफेसर परीक्षा झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी मार्क लावतात, तोपर्यंत तुम्ही ठाण्यात आलेले असता, त्यामुळे ती थेट कॉलेजच्या परीक्षा विभागाला ईमेल करायची आणि एक प्रत तुम्हाला, असं सांगून ठेवा. कोर्सचे सिलॅबस पीडीएफ डाउनलोड करून ठेवा, पुढे मास्टर्सला अर्ज करताना परत मागतात. पत्त्याची नोंदणी रद्द करा, इन्शुरन्स आणि सिमचं कॉन्ट्रॅक्ट लेखी बंद करा. रूमचे फोटो आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळी काढा. आणि तिकडचं बँक खातं लगेच बंद करू नका, डिपॉझिट परत यायला दोन-तीन महिने लागतात आणि ते त्याच खात्यात येतं.